मनोरा चढायचा नाही

बोलोन्याला जायचं नीवेसने ठरवलं होतं. पण ते आपण ठरवलं असं एर्मेसला वाटत होतं, आणि नीवेसने ते तसंच वाटू दिलं होतं. चौतीस वर्षांच्या संसारात एवढी कला कुठलीही बाई शिकते. लग्नाचा वाढदिवस जवळ आला तशी ती नुसती म्हणत राहिली की रोममध्ये फार गर्दी, व्हेनिस तर आपल्या दारातच आहे, आणि फ्लोरेन्समध्ये एर्मेसचं पोट बिघडलं होतं. शेवटी एके दिवशी जेवताना एर्मेसच टेबलावर हात आपटून म्हणाला, "मग बोलोन्या. काय खातात गं ते लोक!" नीवेस म्हणाली, "बघ बाबा, तू म्हणशील तसं."

एर्मेस म्हणजे किओज्जाच्या बंदरात चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटींची इंजिनं खोलून परत बसवणारा माणूस. निवृत्त झाल्यापासून त्याला खोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने ही सहल खोलली. एक वही केली. डाव्या पानावर बघायच्या जागा, उजव्या पानावर खायच्या. डावी पानं दीड भरली, उजवी पाच. मंगळवार ते शुक्रवार, प्रत्येक जेवणाला वेगळी खानावळ, आणि दोन जेवणांच्या मध्ये पचनासाठी चर्च.

नीवेसच्या पर्सच्या चोरकप्प्यात मात्र वेगळाच कागद होता. गुरुवार, सकाळी साडेदहा, पहिला मजला, रोमन इतिहास, तोंडी परीक्षा.

ही गोष्ट छत्तीस वर्षांपूर्वीची. नीवेस तेव्हा बोलोन्यात शिकत होती आणि तिचा हा शेवटचा विषय होता. आमच्याकडे परीक्षा तोंडी असते. दार उघडं असतं, कोणीही येऊन मागच्या बाकावर बसावं. तीसपैकी अठराला पास. मास्तर गुण सांगतात आणि विचारतात, घेताय का? कमी वाटले तर नाही म्हणायचं आणि पुढच्या खेपेला परत यायचं. मानी पोरं नाही म्हणतात. नीवेसला तोवर सत्तावीसच्या खाली कधी मिळाले नव्हते. त्या दिवशी मास्तरांनी तिच्या गुणपुस्तिकेत विषय लिहिला, तारीख लिहिली आणि पेन उचलून विचारलं, "एकवीस. घेताय?" नीवेस ताठ मानेने म्हणाली, "नाही. फेब्रुवारीत येते."

फेब्रुवारीत आईने अंथरूण धरलं. मग लग्न, मग साबीनाचा जन्म, मग मासळी सोसायटीच्या ऑफिसात बत्तीस वर्षं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि गाव काय गप्प बसतंय? किओज्जात अर्धे लोक बोस्कोलो आडनावाचे आणि अर्धे तिओत्सो, म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव लागतंच, आणि ते सरकारी कागदावरही चढतं. पदवी घेतलेल्या बाईला आम्ही दोत्तोरेसा म्हणतो. नीवेस पदवीशिवाय परत आली आणि मासळीबाजाराने तिचं तेच नाव करून टाकलं. "दोत्तोरेसा, आज तारल्या ताज्या आहेत, घे की." छत्तीस वर्षं. अख्ख्या गावात तिला त्या नावाने कधीच हाक मारली नाही असा एकच माणूस होता, आणि तो तिच्या शेजारी घोरत झोपत असे.

तरीही तिने त्याला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिने पुन्हा नाव घातलं. विद्यापीठाने जुने विषय धरले, फक्त एक पुन्हा द्यायला सांगितला, शिवाय हा राहिलेला. दर मंगळवारी ती चर्चच्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालायला म्हणून जाई आणि तिथे बसून अभ्यास करी. जूनमध्ये दात दाखवायला पादोवाला जाते असं सांगून ती बोलोन्याला येऊन एक विषय सोडवून गेली. आता हा एक उरला. हा सुटला की प्रबंध, आणि तो निम्म्याहून जास्त लिहून शिवणाच्या डब्याखाली ठेवला होता. या खेपेलाही पदवी हुकली तर हे टोपणनाव नातवंडांनाही चिकटेल, असं तिला वाटे. म्हणून आधी पदरात पाडायचं, मग तोंड उघडायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

मंगळवारी दुपारी सामान टाकून दोघं बाहेर पडली. एका गल्लीत भिंतीला एक लहानशी खिडकी आहे. ती उघडली की खाली कालवा दिसतो. तो बघायला वीसेक माणसांची रांग लागली होती. एर्मेसही इमानदारीत उभा राहिला, नंबर आल्यावर डोकं बाहेर काढलं आणि तसंच आत घेतलं.

"एवढंच? हे पाणी बघायला रांग?"

"लोकांना आवडतं," नीवेस म्हणाली.

"अगं, आपल्याकडे यांना दारात उभं केलं तर चक्कर येऊन पडतील. मी रोज सकाळी दात घासताना याच्या चौपट पाणी बघतो."

मागच्या जर्मन बाईला काही कळलं नाही, पण ती हसली. एर्मेसने वहीत त्या जागेवर काट मारली.

मोठ्या चौकात सान पेत्रोनिओ चर्चसमोर तो बराच वेळ उभा राहिला. त्या चर्चचा दर्शनी भाग खालून निम्मा संगमरवराचा आहे आणि वर नुसत्या विटा. "सहाशे वर्षं झाली," एर्मेस म्हणाला, "अजून अर्धंच. आपल्या बंदरात एवढं काम लटकवलं असतं तर मला बोटीला बांधून पाण्यात सोडलं असतं."

"अर्धं राहिलं म्हणून पाडलं तर नाही ना कोणी," नीवेस म्हणाली. तिच्या आवाजाला जरा धार आली होती. एर्मेसने तिच्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात त्याला समोरच्या दुकानात टांगलेली मोर्तादेल्ला, डुकराच्या मांसाची जाडजूड सॉसेज, दिसली आणि तो तिकडे वळला.

त्या रात्री तो झोपल्यावर नीवेस न्हाणीघरात कमोडचं झाकण पाडून त्यावर बसली आणि तिने पाऊण तास कार्थेजची युद्धं घोकली. सकाळी डोळे लाल. "उशी बदलली की मला झोप येत नाही," असं सांगून ती मोकळी झाली.

बुधवारी दुपारी एर्मेसने वहीतली सगळ्यात मोठी खूण केलेली खानावळ गाठली. सहा टेबलं, भिंतीवर सायकलस्वारांचे फोटो, आणि मालकीण अशी की तिला मेनू मागायची छाती होऊ नये. खिमा भरलेल्या चिमुकल्या तोर्तेल्लिनी कढणात आल्या. एर्मेसने पहिला घास डोळे मिटून घेतला.

"मासे आहेत का विचारायचं होतं," नीवेस त्याला डिवचायला म्हणाली.

"समुद्रापासून इतक्या लांब मासा खाण्यापेक्षा मी उपाशी मरेन." मग खिम्याचा रागू घातलेल्या रुंद शेवया, तालियातेल्ले, आल्या, लाल वाइन आली, आणि एर्मेसने खिशातून दोन छापील कागद काढून तिच्या ताटाशेजारी ठेवले. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद होता.

"काय हे?"

"मनोऱ्याची तिकिटं. असिनेल्लीचा. उद्या सकाळी साडेदहा. चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या. मी गुडघ्याला पट्टा आणलाय."

नीवेसचा काटा तसाच हवेत राहिला. त्या मनोऱ्याबद्दल बोलोन्यात शिकलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. पदवी मिळायच्या आधी जो वर चढतो, त्याला पदवी कधीच मिळत नाही. नववीत नापास होणारासुद्धा हसेल असली ही समजूत, आणि तरीही हुशारातली हुशार पोरं त्याच्या दारावरून पाच वर्षं मान वळवून जातात.

"साडेदहाला नको," ती म्हणाली. "सकाळी मला जरा खरेदी करायची आहे. एकटीने. तुझ्यासाठीच."

"हरकत नाही. वेळ बदलता येते. चारला करतो."

"चारलाही नको."

"मग शुक्रवारी, गाडीच्या आधी."

"एर्मेस, मला मनोरा चढायचा नाही."

"अगं पण का?"

"उन्हाचं नको, दम लागतो."

"किओज्जात पुरानंतर चार मजले फ्रीज चढवलास माझ्याबरोबर. तेव्हा दम नाही लागला." तो हसला, आणि मग ते वाक्य बोलला, अगदी प्रेमाने, तिच्या हातावर हात ठेवून. "ती जुनी भीती ना? मला आठवतं सगळं. ब्याऐंशी साली मी एकटाच वर गेलो, तू खाली आइस्क्रीम खात बसलीस. पण आता कसली भीती, नीवेस? पदवीचा विषय तर कधीच संपला. आता हा मनोरा आपलाच."

नीवेसला राग आला. इतका की तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. संपला? कोणी संपवला? सगळं ओठांपर्यंत आलं होतं. तिने ते तालियातेल्लेबरोबर गिळलं.

"नाही म्हणजे नाही," ती म्हणाली. "ओढत नेलंस तरी पहिल्या पायरीवर बसून राहीन. लोक फोटो काढतील."

मालकीण ताटं उचलायला आली तेव्हा एर्मेसच्या ताटात रागू उरला होता. "आवडलं नाही?" तिने दरडावून विचारलं. "आवडलं हो," एर्मेस म्हणाला, आणि पावाच्या तुकड्याने ताट निपटून पुसलं, पण त्याचं लक्ष खाण्यात नव्हतं. इंजिन नीट चालत असताना मध्येच एखादा आवाज यावा तसं काहीतरी त्याच्या कानात राहिलं होतं, आणि असा आवाज सापडेपर्यंत हा माणूस स्वस्थ बसत नसे.

दोन तास तो कमानींखालून चालत राहिला. नीवेसही त्याच्या बरोबरीने चालली. चौकापाशी जुन्या वाड्याखाली घुमटाकार छत आहे. त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोघांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, आणि एकाने पुटपुटलेलं दुसऱ्याला स्वच्छ ऐकू येतं, मधल्या माणसांना नाही. शिकत असताना ती इथे मैत्रिणींबरोबर मास्तरांना शिव्या घालायला येई. वहीत ही जागा होतीच. एर्मेसने तिला एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि आपण समोरच्या कोपऱ्यात जाऊन, शिक्षा झालेल्या मुलासारखा, भिंतीला नाक लावून उभा राहिला.

नीवेस दगडाकडे बघत होती. कानाशी त्याचा आवाज आला, जणू तो पाठीशीच उभा होता.

"परीक्षा कधी आहे?"

नीवेस भिंतीशी आणखी सरकली.

"कसली परीक्षा?"

"नीवेस. ज्या बाईने शिक्षण सोडलंय तिला मनोऱ्याची भीती वाटत नाही. विशीतल्या पोरी वाटेत उभ्या राहून त्या दाराकडे पाठ करतात, तशी तू काल तिथून जाताना केलीस. चोराच्या मनात चांदणं. कधी आहे?"

मधून एक शाळेची सहल गेली. ती जाईपर्यंत नीवेस थांबली.

"उद्या. साडेदहा."

"जूनमधला दात?"

"दात नव्हता."

"पास झालीस का त्या दाताला?"

"सव्वीस."

भिंतीतून पुन्हा आवाज आला, पण आता तो घोगरा झाला होता. "मला का नाही सांगितलंस गं? मी काय बाजारात ओरडणार होतो?"

"नाही. पण नापास झाले असते तर तू मला समजावलं असतंस. म्हणाला असतास, जाऊ दे, कशाला हवंय आता. आणि मी ऐकलं असतं. म्हणून नाही सांगितलं."

हे खरं होतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

"मलाही एक सांगायचंय," भिंत म्हणाली. "मी कधी मनोरा चढलोच नाही."

"काय?"

"पहिल्या वळणापर्यंत गेलो. तिथे बसलो अर्धा तास. म्हटलं, ही खाली आहे, वर जाऊन एकट्याने काय बघायचं. तुझी पदवी झाली की दोघं जाऊ. मग खाली येऊन थाप मारली."

"अरे, छत्तीस वर्षं तू सगळ्यांना सांगतोस की वरून किओज्जाचा दीपस्तंभ दिसतो!"

"दिसत असेल की. मला काय माहीत."

नीवेस भिंतीवर कपाळ टेकून हसायला लागली. एक गार्ड जवळ येऊन बरं वाटतंय ना असं विचारून गेला. ती वळली तेव्हा एर्मेस समोरच्या कोपऱ्यात रुमालाने नाक पुसत होता.

संध्याकाळच्या खानावळीवर त्याने स्वतःच्या हाताने काट मारली. दोघांनी बाकावर बसून मोर्तादेल्ला घातलेला पाव खाल्ला आणि एर्मेसने पुस्तक उघडून तिला प्रश्न विचारले. त्याला स्वतःला काही कळत नव्हतं, म्हणून तो फार कडक परीक्षक निघाला. "पुस्तकात 'बहुधा' लिहिलंय. तू 'बहुधा' म्हणाली नाहीस. परत सांग."

गुरुवारी साडेदहाला पहिल्या मजल्यावर तीसेक पोरं होती. नीवेसला बघून दोघं उठून उभी राहिली, तिला मॅडम समजून. खरी मॅडम आतून आली ती साबीनापेक्षा लहान असावी. मालागुती तिचं नाव. एर्मेस मागच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

पहिला प्रश्न एमिलिया रस्त्याचा आला. कोणी बांधला, कधी, कशासाठी. नीवेसने घडाघडा सांगितलं. गेले दोन दिवस ती त्याच रस्त्यावरून एका खानावळीतून दुसऱ्या खानावळीत चालत होती. दुसरा प्रश्न ग्राक्कस भावांच्या जमीन कायद्याचा, छत्तीस वर्षांपूर्वी तिला ज्यावर अडवलं होतं तोच. तिने नव्या पुस्तकातून तो दहा वेळा वाचला होता. पण तोंड उघडलं आणि जुनंच पुस्तक बाहेर पडायला लागलं, त्या जुन्या मास्तरांच्या शब्दांसकट. तिला ते कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

मॅडमने हलकेच अडवलं. "तुम्ही सांगताय ते मी शाळेत होते तेव्हा शिकवायचे. आता आपण असं मानत नाही. शिलालेखांचं काय?"

नीवेसने शिलालेखांचं अर्धंमुर्धं सांगितलं. दोन नावं उलटसुलट झाली. मागे कोणीतरी खोकलं. ते कोण ते तिला बघायची गरज नव्हती.

मॅडमने समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि वर पाहिलं.

"बाई, तुमचे बाकीचे गुण फार चांगले आहेत, म्हणून मलाच वाईट वाटतंय. रस्त्यांवर तुम्ही उत्तम बोललात. पण कायद्यावर... वीस. हवं तर घेऊ नका. जानेवारीत या, मला खात्री आहे तुम्हाला सहज जास्त मिळतील. काय करायचं?"

वीस. त्या वेळच्यापेक्षाही एक कमी. नीवेसची मान आपोआप ताठ झाली. ती बावीस वर्षांची मुलगी अजून आत कुठेतरी बसलेली होती आणि तिने उत्तर तयार ठेवलं होतं. अभिमान वाईट नसतो, पण त्याचं भाडं नीवेसने छत्तीस वर्षं भरलं होतं. तिला एकदम आईचं अंथरूण आठवलं, ऑफिसातला टाइपरायटर आठवला, तारल्यांची टोपली आठवली. जानेवारीत काय होईल, कोणाचं अंथरूण असेल, कोणी सांगितलंय?

"घेते," ती म्हणाली.

आवाज जरा मोठाच निघाला. दाराशी उभ्या पोरांनी माना वळवल्या.

मॅडमने संगणकावर गुण चढवले. नीवेसने पर्स उघडली आणि तिची जुनी गुणपुस्तिका काढली, कडा झिजलेली, आत तिचा कुरळ्या केसांचा फोटो. तिने शेवटचं पान मॅडमसमोर ठेवलं. जुन्या मास्तरांच्या अक्षरात विषय होता, तारीख होती, आणि पुढचा रकाना कोरा होता.

"इथे लिहाल का?"

"हे आता चालत नाही, बाई. सगळं संगणकावर असतं."

"मला माहीत आहे."

मालागुती मॅडमने ती तारीख वाचली. मग परत वाचली. तिने पेन शोधलं, कोऱ्या रकान्यात सावकाश वीस लिहिलं, खाली सही केली, आणि पुस्तिका दोन्ही हातांनी परत दिली.

बाहेर जिन्यात एर्मेस उभा होता. त्याने पुस्तिका घेतली आणि वीसचा आकडा नीट जवळून पाहिला.

"मी असतो तर नाही म्हटलं असतं," तो म्हणाला. "फार मेहनत केली होतीस."

"म्हणूनच त्या मॅडमसमोर तू नव्हतास, मी होते."

"आता?"

"आता प्रबंध. मार्चमध्ये."

दोघं खाली रस्त्यावर आली तेव्हा मनोऱ्याच्या दाराशी माणसं उभी होती. एर्मेसने खिशातली दोन तिकिटं, वेळ बदलून घेऊन, त्या कालव्याच्या खिडकीपाशी भेटलेल्या जर्मन बाईला देऊन टाकली. ती नवऱ्यासकट रांगेत होतीच. मग त्याने वही काढली, डाव्या पानावर मनोऱ्यापुढे काट मारायला पेन टेकवलं, थांबला, आणि काट न मारता पुढे मार्च असं लिहिलं.

"नऊशे वर्षं उभा आहे," तो म्हणाला. "सहा महिने आणखी उभा राहील. चल, दोत्तोरेसा, भूक लागली."

नीवेस थांबली. तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. अख्ख्या गावाने ती हाक मारून मारून तिला बोथट करून ठेवलं होतं, आणि तरीही डोळे भरून आले.

"अजून नाही झाले मी," ती म्हणाली. "मार्चपर्यंत नीवेसच म्हण."

"बरं, नीवेस," एर्मेस म्हणाला, आणि दोघं मनोऱ्याकडे पाठ करून जेवायला गेली.